हेलिकॉप्टर ढगात शिरताना: किमान वेगाची अट आली कुठून?

24 सप्टेंबर 1929 रोजी अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, निव्वळ उपकरणे पाहत विमान उडवले आणि उतरवले. हेलिकॉप्टरला हे सहज जमायला पुढे काही दशके गेली. बहुतेक विमाने काठी सोडली तरी काही काळ सरळ जातात. हेलिकॉप्टरला मात्र वैमानिक सतत सावरत असतो, तेही बाहेरच्या क्षितिजाकडे बघून. ढगात क्षितिजच नाहीसे होते.

सुरुवातीचा उपाय यांत्रिक होता: बेल कंपनीचे रचनाकार आर्थर यंग यांनी रोटरवर (वरच्या फिरत्या पात्यांवर) बसवलेला स्थिरक दांडा. तो असलेल्या बेल 47 हेलिकॉप्टरला 8 मार्च 1946 रोजी अमेरिकेत नागरी वापराचे प्रमाणपत्र मिळाले. मग जायरो (कल ओळखणारी फिरती चकती) आणि इलेक्ट्रॉनिक्स आले. पाणबुड्या शोधण्यासाठी रात्री समुद्रावर हवेत तरंगत थांबावे लागे, म्हणून सी किंग या नौदल हेलिकॉप्टरमध्ये आपोआप स्थिरावण्याची यंत्रणा आली. आपल्या नौदलाची सी किंग कुलाब्याच्या आयएनएस शिक्रावरून उडत आली आहेत.

नागरी हेलिकॉप्टरांसाठी अमेरिकेने 1983 मध्ये उपकरण-उड्डाणाचे निकष नियमांतच घातले. त्यात 'व्ही-मिनी' आहे, म्हणजे उपकरणांवर उडतानाचा किमान वेग. अनेक मॉडेलांत तो 50 ते 70 नॉटच्या (ताशी सुमारे 93 ते 130 किमी) आसपास असतो. हा आकडा कागदी नाही. वेग उतरला की शेपटीच्या आडव्या पंखाचा आधार कमी होतो, रोटरखालच्या वाऱ्यामुळे वेगमापक फसवू लागतो, आणि आणखी हळू जायला उलट जास्त शक्ती लागते.

ऑटोपायलटने हा प्रश्न सोपा केला, पण मिटवला नाही. 23 ऑगस्ट 2013 रोजी स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरील सम्बर्ग विमानतळाकडे येणारे सुपर प्यूमा हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. 18 पैकी चौघे गेले. ब्रिटिश तपासानुसार ऑटोपायलट उतरण्याचा दर राखत होता. वेगासाठी कलेक्टिव्ह (रोटरची एकूण उचल कमी-जास्त करणारा दांडा) हाताने सांभाळायचा होता. शक्ती अपुरी पडली, तेव्हा दर राखण्यासाठी यंत्रणा नाक वर करत राहिली आणि वेग घसरत गेला. वैमानिकांच्या ते वेळेत लक्षात आले नाही. माझ्या मते यात यंत्र बिघडले नव्हते, हीच खरी अस्वस्थ करणारी बाब. त्याला दिलेले काम ते चोख करत होते.

चार अक्षांचा ऑटोपायलट कलेक्टिव्हही हलवतो, त्यामुळे वेग आणि उतरण्याचा दर दोन्ही एकदम राखता येतात. तरीही उड्डाण-पुस्तिकेतली व्ही-मिनीची ओळ अजून तिथेच आहे.