सिकलसेलचा वाहक आणि सिकलसेलचा रुग्ण

सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. आश्रमशाळेतल्या तपासणीत पोराचा सिकलसेल ‘पॉझिटिव्ह’ निघाला की घरातलं जेवण थांबतं. पण ही पहिली तपासणी कशी होते ते बघा. बोट टोचून थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात टाकतात आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. वाहकाची, म्हणजे ज्याच्यात सिकलचं जनुक आहे पण आजार नाही त्याची नळी गढूळ होते, रुग्णाचीही होते. फरक कळतो तो पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीमध्ये, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीत. ती तपासणी टाळू नका, आणि तिचा रिपोर्ट येईपर्यंत पोराला आजारी ठरवूही नका.

त्या रिपोर्टवर ‘एएस पॅटर्न’ किंवा ‘एसएस पॅटर्न’ लिहिलेलं असतं. आपल्याला एक जनुक आईकडून मिळतं, एक बापाकडून. एकच सिकलचं आणि दुसरं नॉर्मल असेल तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही सिकलची असतील तर एसएस, म्हणजे रुग्ण. रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडंसांधे असह्य ठणकतात. साधी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरियासारखं औषध लागतं. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, औषधही नको. आणि वाहकाचा पुढे रुग्ण होत नाही, कधीच नाही.

सगळ्यात मोठी गल्लत लग्न जुळवताना होते. रुग्ण मुलीला नकार मिळतो. पण नवऱ्याचं हिमोग्लोबिन याच इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीमध्ये तपासून त्याचा प्रकार नॉर्मल निघाला असेल, तर तिची सगळी मुलं वाहक होतील, सिकलसेलचा रुग्ण एकही नाही. उलट दोन धडधाकट वाहकांचं लग्न कुणी न विचारता लागतं, आणि तिथे प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते. प्रत्येक वेळी नव्याने. पहिलं मूल रुग्ण निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं.

असं मूल जन्मलं की ‘सुनेच्या माहेरचा आजार’ म्हणतात. ते ऐकवत नाही. एसएसमधला एक एस बापाकडूनच आलेला असतो.