ब्रेक डिस्कवरील गंज

मोटारीच्या चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेक डिस्कवर, म्हणजे रोटरवर, ओलाव्यामुळे चढणारा लोहाच्या ऑक्साइड-हायड्रॉक्साइडांचा तांबूस थर. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून वेग कमी करणारे घर्षणाचे ठोकळे, म्हणजे पॅड, बदलल्यानंतर तो विशेष नजरेत भरतो. पॅड जेथे घासतो त्या पट्ट्यावरचा पातळ गंज निरुपद्रवी असून काही वेळा ब्रेक लावताच निघून जातो. त्याच पट्ट्यावर टिकून राहिलेला गंज मात्र पॅड तेथे टेकत नसल्याचे दाखवतो.

डिस्क ब्रेकचा आरंभ सामान्यतः फ्रेडरिक लँचेस्टर यांच्या 1902 मधील ब्रिटिश एकस्वापासून (पेटंटपासून) मानतात. उत्पादनातील पहिली मोटार कोणती, याविषयी मतभेद आहेत. 1949 च्या सुमारास अमेरिकेत क्रॉस्ले व क्रायस्लर या दोन्ही कंपन्यांनी असे ब्रेक बसवले. परंतु क्रायस्लरच्या रचनेत दोन चकत्या बंदिस्त कवचात बाहेरच्या बाजूंना दाबल्या जात; आजच्या कॅलिपरशी, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीशी, तिचे साम्य कमी. क्रॉस्लेची रचना आजच्या ब्रेकला अधिक जवळची होती, पण हिवाळ्यात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठामुळे ती गंजून अडकू लागली व लवकरच मागे घेण्यात आली. मोठ्या संख्येने निघून टिकलेली पहिली मोटार म्हणून सित्रोएन डीएस (1955) हिचे नाव घेणे अधिक सयुक्तिक ठरते. गंजाचा प्रश्न डिस्क ब्रेकइतकाच जुना आहे, हे क्रॉस्लेच्या उदाहरणावरून दिसते.

बहुतेक डिस्क करड्या बिडाच्या असतात. त्यात सुमारे 3 ते 4 टक्के कार्बन असून त्याचा बराचसा भाग ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. हे पापुद्रे उष्णता चांगली वाहतात व कंपने शोषतात. म्हणूनच इतक्या वर्षांत या धातूला स्वस्त पर्याय सापडलेला नाही. मात्र ग्रॅफाइट लोहाच्या मानाने ऋणाग्रासारखे वागते, भोवतालचे लोह धनाग्र बनून विरघळते आणि पाण्याचा सूक्ष्म थरही विद्युत् रासायनिक क्रियेला पुरतो. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या पुढे गेल्यावर लोखंड झपाट्याने गंजते, हे ब्रिटिश गंजसंशोधक व्हर्नन यांच्या 1930 च्या दशकाच्या आसपासच्या प्रयोगांपासून ज्ञात आहे. घासून उघड्या पडलेल्या पृष्ठावर रंग वा तेल राहू शकत नसल्याने गाडी धुतल्यावर काही तासांतच लाली दिसते.

पॅड बदलल्यावर गंज अधिक का दिसतो, याचे एक स्पष्टीकरण असे की जुन्या पॅडने डिस्कवर सोडलेले घर्षणपटल, म्हणजे पॅडच्या द्रव्याचा पातळ थर, साफसफाईत निघून जाते व धातू उघडा पडतो. तथापि उत्तम पटल बसलेली डिस्कही एका पावसाळी रात्रीत लाल होते. तेव्हा पटलाला संरक्षक मानणे कठीण आहे. स्पर्शातील बदल हे कारण अधिक पटणारे वाटते. जुन्या डिस्कवर चरे व उंचवटे असतात. नवा सपाट पॅड आधी उंचवट्यांवरच टेकतो, त्यामुळे खोलगट भागात गंजाच्या वर्तुळाकार रेघा राहतात. पॅड बसेपर्यंत, साधारणतः काही शे किलोमीटर, त्या विरळ होत जातात. नव्या पॅडची उंची जुन्यापेक्षा कमी असल्यास कडेला गंजाचे कायमचे कडे उरते. डिस्कची एकच बाजू, बहुधा आतली, गंजलेली राहिली तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना वा पॅड ढकलणारा पिस्टन अडकल्याची शंका घ्यावी. ही खूण बाहेरून दिसत नाही म्हणून चाक काढून पाहणेच योग्य. घासणाऱ्या पृष्ठावर गंज रोखण्यासाठी तेल वा ग्रीस कदापि लावू नये.

ओली गाडी बराच काळ उभी राहिल्यास पॅडखाली त्याच्या आकाराचा ठसा उमटतो. पुढे ब्रेक दाबताना जाणवणाऱ्या थरथरीला ‘डिस्क वाकली’ असे म्हणण्याची पद्धत आहे. बहुतेक वेळा तिचे मूळ डिस्कच्या जाडीतील सूक्ष्म असमानतेत किंवा डिस्कवर बसलेल्या पॅडच्या द्रव्याच्या असमान लेपात सापडते. काही शतांश मिलिमीटरचा फरकही पुरतो. हबवरील, म्हणजे डिस्क व चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावरील, गंज न खरवडता नवी डिस्क बसवली तर ती किंचित तिरकी फिरते आणि अशी असमानता हळूहळू तयार होते. खोल खड्डे पडलेली किंवा तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीखाली गेलेली डिस्क बदलावी लागते.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत वेग पुष्कळदा चाके फिरवणारी विद्युत् मोटरच कमी करते, त्यामुळे डिस्क क्वचित घासली जाते व गंज साचतो. फोक्सवॅगनने आयडी.3 व आयडी.4 या गाड्यांच्या मागील चाकांना बंदिस्त ड्रम ब्रेक दिले आहेत. टंगस्टन कार्बाइडचा लेप दिलेल्या डिस्क पोर्शेने 2017 मध्ये आणल्या. युरोपीय संघाच्या 2024 मधील युरो 7 नियमांत ब्रेकच्या धूलिकणांवरही मर्यादा आल्याने अशा कठीण लेपांचा वापर वाढण्याची शक्यता आहे.