धामण ही नागाची मादी नव्हे

नाग हा नर आणि धामण त्याची मादी, हा समज गावोगावी पक्का आहे. तो साफ चुकीचा आहे. या दोन वेगळ्या जाती असून दोन्हींत नर-मादी असतात. नाग विषारी, धामण पूर्ण बिनविषारी.

ओळखायचं कसं? धामणीचे डोळे मोठे आणि गोल, डोकं मानेपासून वेगळं दिसणारं, ओठांच्या खवल्यांना काळ्या कडा, शेपटीकडे गडद आडवे पट्टे. लांबी दोन मीटरच्याही पुढे जाते. तिला फणा नसतो. पण नागही सरपटताना फणा मिटूनच जातो, म्हणून केवळ फणा दिसला नाही यावर विसंबून जवळ जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा.

एकमेकांना पिळे घालून उभे राहिलेले दोन साप दिसले की लोक त्याला नाग-धामणीचं मीलन म्हणतात. बहुतेकदा ती दोन नर धामणांची झुंज असते.

धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हेही खोटं. सापाला चोखताच येत नाही. ती गोठ्यात येते उंदरांसाठी. धान्य राखणारा हा जीव नाहक मारला जातो, याचं फार वाईट वाटतं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे.