बोलणारं चित्र आणि वाजणारा आलेख

अंध विद्यार्थ्यांसाठी ‘आवाजाच्या आकृत्या’ निघाल्या आहेत असं कुणी सांगितलं, तर आधी विचारावं: चित्र बोलतं की वाजतं? बोलणाऱ्या चित्रात कागदावर उठावाच्या रेषा असतात. बोट फिरवत जायचं, एखाद्या जागी दाबलं की यंत्र म्हणतं, “गोदावरी”. वाजणाऱ्या आलेखाला कागद लागत नाही. रेषा चढली की सूर चढतो, उतरली की उतरतो. ओळखायची खूण सोपी आहे. आवाज बंद करा. बोलणाऱ्या चित्राची नावं जातील, पण आकार बोटाखाली तसाच राहील. वाजणाऱ्या आलेखाचं काहीच उरणार नाही, कारण तिथे आवाज हाच आकार आहे.

बोलणाऱ्या चित्राचा पाया जुनाच आहे, स्पर्शचित्राचा. एका खास कागदावर काळ्या शाईत आकृती छापतात आणि तो कागद तापणाऱ्या यंत्रातून सरकवतात. काळी रेष जास्त उष्णता शोषते, तिथल्या सूक्ष्म कुप्या फुगतात आणि रेष वर येते. दुसरी रीत ठिपके ठोकणाऱ्या ब्रेल प्रिंटरची. अमेरिकेतल्या ऑरेगन स्टेट विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॉन गार्डनर यांची दृष्टी १९८८ साली शस्त्रक्रियेनंतर गेली. आलेखांशिवाय भौतिकशास्त्र करायचं कसं, या अडचणीतून त्यांनी बारीक उठावाची आकृती छापणारा प्रिंटर घडवला. पुढे त्यांच्याच कंपनीने ‘आयव्हिओ’ ही यंत्रणा आणली. छापलेला कागद स्पर्श ओळखणाऱ्या पाटीवर बसवायचा. बोट दाबलं की संगणक त्या जागेचं नाव सांगतो, हवं तर जास्तीची माहितीही.

पण उठाव आहे, ब्रेल आहे, मग बोलायला कशाला हवं? महाराष्ट्राचा नकाशा घ्या. ब्रेलचं एक घर, म्हणजे सहा ठिपक्यांची एका खुणेची जागा, साधारण ६ मिलिमीटर रुंद असतं आणि ते लहान करता येत नाही. ठिपके जवळ आले की बोटाला वेगळे कळत नाहीत. देवनागरीत काना-मात्रा अक्षराला चिकटतात, ब्रेलमध्ये प्रत्येक मात्रेला आणि जोडाक्षरातल्या हलन्तालाही स्वतंत्र घर लागतं. ‘छत्रपती संभाजीनगर’ लिहायला मधली मोकळी जागा धरून १७ घरं, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर. ए-फोर कागदाची रुंदी २१. एका शहराच्या नावाने जवळजवळ अर्धा कागद अडवला, तर नद्या आणि डोंगर कुठे दाखवायचे? म्हणून नकाशावर ‘छ’, ‘ना’, ‘को’ अशा खुणा देतात आणि त्यांचा अर्थ दुसऱ्या पानावर. मग बोट नकाशावरून उचलून त्या पानावर न्यायचं, अर्थ वाचायचा आणि परत येऊन आपली जागा शोधायची. आपली जागा हरवणं हा स्पर्शाने वाचणाऱ्याचा रोजचा त्रास. नावं आवाजाकडे सोपवली की बोट हलत नाही. माझ्या मते बोलणाऱ्या चित्राचं सगळ्यात मोठं देणं हेच आहे.

अर्थात मूळ चित्रच गिचमिड असेल तर आवाज ते वाचवू शकत नाही. छापील आकृतीतली प्रत्येक रेष जशीच्या तशी उठवली की बोटाखाली नुसता खडबडीत कागद येतो. रेषा गाळाव्या लागतात, अंतरं वाढवावी लागतात.

वाजणाऱ्या आलेखाची घडणच वेगळी. आडवा अक्ष म्हणजे काळ, उभा अक्ष म्हणजे सुराची उंची. महाबळेश्वरच्या महिनावार पावसाचा आलेख ऐका: जानेवारीपासून मेपर्यंत खर्जात रेंगाळणारा सूर, जूनमध्ये एकदम झेप, जुलैत तार सप्तक, मग उतरण. पेटीच्या पट्ट्यांवरून कुणी हात फिरवावा तसं काही सेकंदांत वर्ष संपतं. आता चेन्नईचा आलेख ऐका. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चढतो. दोन पावसाळ्यांतला फरक कुणी समजावून सांगायच्या आधीच कानाला कळतो. शिवाय आकडे बदलले की सूर लगेच बदलतो, नवा कागद छापावा लागत नाही. २०२१ पासून ॲपलच्या फोनमध्ये ही सोय आहे. डेसमॉस या गणिताच्या मोफत साधनातही आलेख ऐकता येतो.

हीच युक्ती पूर्ण चित्राला लावली की काम अवघड होतं. फूर्निए दाल्ब यांनी १९१० च्या दशकात इंग्लंडमध्ये ऑप्टोफोन बनवला. तो छापील अक्षरांचे आकार सुरांत बदलायचा. मेरी जेमसन या अंध स्त्रीने दीर्घ सरावाने त्यावर मिनिटाला ६० शब्दांपर्यंत वेग गाठला. बहुतेकांना त्याच्या जवळपासही जाता आलं नाही. १९९२ मध्ये पीटर मेयर यांनी मांडलेली पद्धत कॅमेऱ्याचं दृश्य डावीकडून उजवीकडे वाजवते: उंचीला सूर, उजेडाला आवाजाचा जोर. तीही शिकायला चिकाटी लागते. एकाच क्षणी अनेक सूर वाजले की कान गोंधळतो. म्हणून हृदयाची आकृती किंवा जिल्ह्यांचा नकाशा सुरांत बसवायचा हट्ट धरू नये, आणि भूकंपलेखाची थरथर बोटाने मोजायला लावू नये.

आपल्याकडे आयआयटी दिल्लीत शालेय पुस्तकांच्या स्पर्शचित्रांवर मोलाचं काम झालं आहे. तरी अजून आकृतीची गाठ सोडवायचा नेहमीचा मार्ग म्हणजे ती वगळणं. सीबीएसईच्या परीक्षेत अंध विद्यार्थ्याला आकृतीच्या प्रश्नाऐवजी पर्यायी प्रश्न मिळतो. परीक्षेपुरती ती सवलत न्याय्यच आहे. पण वर्गातही आकृतीला फाटा मिळतो, तेव्हा फार वाईट वाटतं. मुलगा बारावी होतो आणि अन्वस्त (पॅराबोला) हा वाटीसारखा वक्र कसा दिसतो हे त्याच्या हाताला किंवा कानाला कधी भेटतच नाही.

अन्वस्तापुरतं सांगायचं तर दोन्ही साधनं जोडीने वापरावीत. आधी उठावाचा वक्र बोटाखाली द्या: डावीकडून घसरत तळाशी येतो, वळतो, पुन्हा वर जातो. त्याच वेगाने सूर वाजवा. बोट आणि सूर दोन-चार वेळा एकत्र उतरले-चढले की कागद काढून घ्या आणि दुसरा, तळ सरकवलेला अन्वस्त नुसता वाजवा. तळ कुठल्या बाजूला सरकला, ते विद्यार्थ्याला सांगू द्या.