कळा रात्री सुरू झाल्या तर?

एचआयव्हीबाधित गरोदर बाईला औषध मिळालंच नाही, तर बाळाला लागण होण्याची शक्यता, अंगावरच्या दुधाचा काळ धरून, १५ ते ४५ टक्के असते. औषधं वेळेवर सुरू झाली की ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. हे आकडे दवाखान्यांना ठाऊक होते, औषधही होतं. पण तपासणी दिवसा होते आणि कळा रात्रीही येतात. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून तपासणीला जाणं अनेकींना परवडत नाही. काही जणींचा दवाखान्याशी पहिला संबंध थेट बाळंतपणालाच येतो.

वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात झालेल्या एका अभ्यासाने हीच फट हेरली. तिथल्या प्रसूतिकक्षात एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन चोवीस तास सुरू ठेवलं गेलं. हिरड्यांवरून एक पट्टी फिरवायची. थोड्याच वेळात प्राथमिक निकाल हाती येतो आणि त्याची खात्री रक्ततपासणीने करायची. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. १,२०० हून अधिक बायका त्यात सहभागी झाल्या, ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकींनी होकार दिला.

कळा सोसत असताना दिलेला होकार कितपत खरा, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा. म्हणून मला या अभ्यासात पट्टीइतकीच समुपदेशनाची बाजू मोलाची वाटते. रात्री दोन वाजता सासूला थोडं लांब बसवून, त्या बाईशी तिच्या बोलीत, हळू आवाजात बोलणारं माणूस नसेल, तर उत्तम पट्टीही खेड्यात निकामी ठरते.

लागण कळल्यावर उपचाराचा लांब पल्ला सुरू होतो. एचआयव्ही पांढऱ्या पेशींत शिरून स्वतःचा आराखडा त्या पेशींच्या डीएनएत गुंफून ठेवतो. औषधं त्याच्या नव्या प्रती बनणं थांबवतात, पण गुंफलेला आराखडा काढू शकत नाहीत. गोळ्या सुटल्या की विषाणू पुन्हा वाढतो, आणि अधूनमधून घेतल्या तर औषधाला न जुमानणारे विषाणू तयार होण्याचा धोका असतो. म्हणून गोळी रोज, आयुष्यभर. भारतात २००४ पासून ती सरकारी केंद्रांत मोफत मिळते.

पण नोंद सासरच्या जिल्ह्यात आणि बाळंतपण माहेरी, तर महिन्याची गोळी कोण आणणार? गावात कुणी ओळखेल म्हणून जवळचं केंद्र टाळून दूरच्या गावी जाणाऱ्या बाईच्या एसटीच्या भाड्याचं काय? ही उत्तरं प्रयोगशाळेत सापडत नाहीत. ती आशाताईंना माहीत असतात, आणि त्याहून जास्त, स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्यांना. ‘विहान’सारख्या कार्यक्रमात असेच लोक, गोळ्या सुटलेल्यांना पुन्हा उपचाराकडे आणायला मदत करतात.

संशोधनालाही त्यांची गरज असते. एका जोडीदाराला लागण आणि दुसऱ्याला नाही, अशा १,७६३ जोडप्यांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पुण्याचं केंद्र होतं. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, असं २०११ साली दिसलं. नंतरच्या अभ्यासांनी तर हे पक्कं केलं, की औषधांनी रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका दबला, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. नवऱ्याच्या आजाराचा कलंकही बायकोनेच सोसायचा, अशा घरात ही गोष्ट पोचायलाच हवी.

आता लेनाकापाविर नावाचं, सहा महिन्यांतून एकदा टोचायचं प्रतिबंधक इंजेक्शन आलं आहे. २०२४ साली दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणी व मुलींपैकी एकीलाही लागण झाली नाही. त्या चाचणीत गरोदर राहिलेल्या बायकांना बाहेर काढलं गेलं नाही. स्वस्त उत्पादनाचा परवाना मिळालेल्या कंपन्यांत पुण्याचीही एक आहे. यवतमाळच्या किंवा गडचिरोलीच्या गावात ते पोचेल तेव्हा ते कुठे टोचायचं, कोणाच्या नजरेआड, आणि हंगामात परगावी गेलेल्या मजूर बाईचा दुसरा डोस कोण लक्षात ठेवणार, हे बचत गटांच्या बायकांना आत्ताच विचारायला हवं. चाचणी किंवा उपचाराची माहिती हवी असेल त्यांच्यासाठी १०९७ हा क्रमांक मोफत आहे.