इंजिनाची ओढ कागदावर उतरवणारा डबा

९ मे १९०४ रोजी इंग्लंडमधल्या सॉमरसेटमध्ये वेलिंग्टनचा उतार उतरताना ‘सिटी ऑफ ट्रुरो’ या वाफेच्या इंजिनाने ताशी १०० मैलांचा वेग ओलांडला, अशी नोंद चार्ल्स रूस-मार्टिन या पत्रकाराने केली. त्याने गाडीत बसून, हातातल्या स्टॉपवॉचवर पाव मैलाची वेळ घेतली होती: ८.८ सेकंद. म्हणजे ताशी १०२.३ मैल. पण तीच वेळ ९ सेकंद धरली, तर वेग बरोबर १०० भरतो. हा वाद अजून मिटलेला नाही, कारण ०.२ सेकंद बोटाच्या हालचालीत सहज हरवतात.

दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, नॉर्थ ईस्टर्न रेल्वे या कंपनीने डायनामोमीटर डबा, म्हणजे इंजिनाची ओढ मोजणारा डबा, बांधला. ग्रेट वेस्टर्न रेल्वेकडे असा डबा १९०१ पासूनच होता. नॉर्थ ईस्टर्नचा डबा आज ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने जपून ठेवला आहे.

हा डबा इंजिनाच्या लगेच मागे जोडत. इंजिनाची सगळी ओढ पोलादी पट्ट्यांच्या एका भक्कम स्प्रिंगमधून मागच्या गाडीला मिळे. भंगारवाल्याच्या ताणकाट्यात वजनाने स्प्रिंग ताणली जाते, तशी इथे ओढीने ती वाके. ती जितकी वाके, तितकी तिला जोडलेली लेखणी कागदाच्या पट्टीवर बाजूला सरके. घड्याळाला जोडलेली दुसरी लेखणी त्याच पट्टीवर वेळेच्या खुणा करत जाई.

मला सर्वात सुंदर वाटते ती या कागदाची चाल. तो घड्याळाच्या गतीने नव्हे, तर गाडी जेवढी पुढे जाईल त्या प्रमाणात उलगडे. त्यासाठी रुळावर एक वेगळं चाक टेकवत. त्याला ब्रेक नसे, त्यामुळे ते ब्रेकने झिजत नसे आणि अंतर चुकत नसे. आता कागदाची उंची म्हणजे बल आणि लांबी म्हणजे अंतर. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, हे आपण शाळेत शिकतो. म्हणजे रेषेखालचं क्षेत्रफळ हेच इंजिनाने केलेलं कार्य! ते धावत्या गाडीतच मोजत जाणारी यांत्रिक जोडणीही डब्यात होती. वेळेच्या खुणांमधलं अंतर पाहिलं की वेग कळे, आणि ओढीला वेगाने गुणलं की अश्वशक्ती.

३० नोव्हेंबर १९३४ रोजी ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या वाफेच्या इंजिनाने ताशी १०० मैल गाठले, तेव्हा हाच डबा मागे होता. त्यामुळे त्या नोंदीवर ट्रुरोसारखा वाद झाला नाही. ३ जुलै १९३८ रोजी ग्रँथमच्या दक्षिणेकडच्या स्टोक उतारावर ‘मॅलर्ड’ हे वाफेचं इंजिन धावलं, तेव्हाही हाच डबा जोडलेला होता. जो डडिंग्टन चालक होते आणि टॉमी ब्रे कोळसा टाकत होते. जर्मनीच्या इंजिनाने १९३६ मध्ये ताशी २००.४ किलोमीटरचा वेग नोंदवला होता. मॅलर्डचा क्षणिक उच्चांक ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०२.८ किलोमीटर. फरक इतका थोडा असताना कागदाच्या पट्टीशिवाय कोणी विश्वास ठेवला असता? इंजिनाचे रचनाकार नायजेल ग्रेस्ली यांनी मात्र तो क्षणिक आकडा धरला नाही. ते १२५ वरच थांबले.

विक्रमांमुळे या डब्याचं नाव झालं, पण त्याचं खरं काम कोळशाच्या हिशेबाचं होतं, असं मला वाटतं. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये निर्माण होणारी सगळी शक्ती गाडीला मिळत नाही. तिचा काही भाग इंजिन स्वतःलाच ढकलण्यात आणि हवा कापण्यात खर्चतं. उरलेली शक्ती किती कोळशात मिळाली, हे डबाच सांगू शके. १९४८ मध्ये ब्रिटिश रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर जुन्या कंपन्यांची इंजिनं एकमेकांच्या मार्गांवर चालवून पाहिली गेली. त्यात मॅलर्डच्याच वर्गाच्या इंजिनांना एका अश्वशक्ती-तासाला, म्हणजे एक अश्वशक्ती तासभर मिळवायला, सुमारे १.४ किलो कोळसा पुरला. एक्स्प्रेस गाड्यांच्या इंजिनांत हा सर्वात कमी खप होता. मात्र याच वर्गाची इंजिनं चाचण्यांदरम्यान वाटेत बिघडलीही.