डेकबांधणी (डिजिटल कार्ड गेम)

डिजिटल ट्रेडिंग कार्ड गेममध्ये उपलब्ध असलेल्या शेकडो पानांतून आपला डेक, म्हणजे खेळायच्या पानांचा संच, निवडणे, तो स्पर्धेत टिकेल असा घासूनपुसून पक्का करणे आणि त्यावर डाव खेळणे या कौशल्याला डेकबांधणी म्हणतात. मेंढीकोटात ५२ पानांचा एकच कॅट पिसून चौघांना तेरा-तेरा पाने वाटतात. पाने लागली नाहीत तर नशिबाला बोल लावून पुढचा डाव मांडता येतो. इथे प्रत्येकजण आपला कॅट घरूनच बांधून आणतो. नको ते पान हाती आले, तर ते डेकमध्ये घातलेले आपणच असतो. अर्धा डाव पाने वाटण्याआधीच खेळून झालेला असतो तो यामुळे.

या प्रकाराची सुरुवात कागदी पानांनी झाली. रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ मध्ये आला. २००२ मध्ये त्याची ऑनलाइन आवृत्ती निघाली, आणि २०१४ मधल्या ‘हार्थस्टोन’ने हा प्रकार घराघरांत नेला. पुढे ‘मॅजिक अरेना’, ‘यु-गि-ओ मास्टर ड्युएल’, ‘मार्व्हल स्नॅप’ आणि २०२४ मध्ये ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ आले. डेकचे नियम प्रत्येकाचे वेगळे. मॅजिकमध्ये किमान ६० पाने, आणि मूळ जमिनी (बाकीची पाने खेळायला शक्ती पुरवणारी साधी पाने) सोडल्या तर एकाच पानाच्या जास्तीत जास्त चार प्रती. हार्थस्टोनमध्ये ३० पाने, प्रती दोन, लेजेंडरी म्हणजे सर्वांत दुर्मिळ वर्गातले पान मात्र एकच. पॉकेटमध्ये २०, स्नॅपमध्ये अवघी १२.

मुंबईत हा खेळ बराचसा लोकलमध्ये खेळला जातो. विरार किंवा कल्याण लोकलच्या डब्यात चौघांच्या मांड्यांवर ब्रीफकेस आडवी टाकून रमी किंवा मेंढीकोट रंगवणारे ग्रुप या शहराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. त्याच डब्यात दारापाशी उभा असलेला मुलगा एका हाताने कडी धरून अंगठ्याने पाने टाकत असतो. सीटवरच्या काकांना त्याच्या स्क्रीनवरचे राक्षस आणि जादूगार कळणार नाहीत, पण कुठली पाने पडून गेली आणि कुठली अजून दडून आहेत याचा जो हिशेब दोघांच्याही डोक्यात चालू असतो, तो एकच आहे. मेंढीकोटात पडलेल्या दश्श्या मोजायची सवय ज्याला लहानपणी लागली, त्याला हा खेळ लवकर उमगतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

कमी पाने का?

नवखा खेळाडू पहिली चूक करतो ती पाने वाढवण्याची. चांगली पाने इतकी दिसतात की काढवत एकही नाही. मॅजिकमध्ये एखाद्या महत्त्वाच्या पानाच्या चारही प्रती ६० पानांच्या डेकमध्ये असतील, तर सुरुवातीच्या सात पानांत किमान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. तोच डेक ८० पानांचा केला की ती ३१ टक्क्यांवर घसरते. वाढवलेली वीस पाने कितीही देखणी असली, तरी ज्या पानावर डेक उभा आहे ते तेवढे दुर्मिळ झालेले असते. म्हणून स्पर्धेतला डेक जवळजवळ नेहमी किमान संख्येचाच असतो. मोह होणाऱ्या पानाला नाही म्हणता येणे ही या कलेतली खरी अवघड गोष्ट आहे.

दुसरा हिशेब किमतीचा. हार्थस्टोनमध्ये पहिल्या खेपेला एक मॅना (पाने खेळायला खर्ची पडणारी शक्ती) मिळतो, दुसऱ्या खेपेला दोन, असे वाढत दहापर्यंत. न वापरलेला मॅना पुढच्या खेपेला मिळत नाही. म्हणून कुठल्या किमतीची किती पाने घ्यायची याची चढउतार, म्हणजे मॅना कर्व्ह, आधी कागदावर मांडून बघावी लागते. झटपट मारा करणाऱ्या डेकमध्ये एक-दोन मॅनाची पाने भरपूर आणि सहाच्या वर जवळपास काहीच नाही. सावकाश खेळणाऱ्या डेकमध्ये कर्व्हचा फुगवटा उजवीकडे, म्हणजे महाग पानांकडे, सरकतो.

एक डाव जवळून

डोंबिवलीहून सुटलेली जलद लोकल. खेळ हार्थस्टोन. मुलाच्या हाती हंटर या पात्राचा झटपट डेक, समोर वॉरियर हे पात्र. खेळायची पाळी दुसरी, म्हणून चार पाने आणि वर एक जादा मॅना देणारे नाणे. पानांच्या किमती १, २, ५, ६. सहाचे पान लेजेंडरी आहे आणि ते परत टाकताना जीव खालीवर होतो, पण टाकायचे तेच. पाचाचेही.

कारण असे. दोन ताकदीचा सैनिक पहिल्या खेपेला पटावर उतरला आणि कुणी अडवला नाही, तर तो दुसऱ्या खेपेपासून पाचव्यापर्यंत चारदा मारतो: आठ नुकसान. समोरच्याचा जीव ३० असतो, म्हणजे पावाहून जास्त भाग एका स्वस्त पानाने संपवला. तोच सैनिक चौथ्या खेपेला उतरला, तर पाचव्या खेपेपर्यंत त्याची कमाई दोन. पान तेच, पण त्याचे मोल येण्याच्या वेळेवर ठरते. नकोशी पाने परत देऊन नवी घेण्याच्या या टप्प्याला मलिगन म्हणतात, आणि बरोबरीच्या दोन खेळाडूंतला फरक मला तरी सगळ्यात आधी इथेच दिसतो.

प्रत्येक खेपेला ७५ सेकंदांची मर्यादा असते. वेळ संपत आली की पटावरची दोरी जळू लागते. नेटवर्क गेले तर दोरी थांबत नाही. रोज लोकलमध्ये खेळणाऱ्याला झटपट डेक सोयीचा वाटतो तो म्हणूनच: डाव लवकर आटोपतो आणि ठाण्याला गर्दी चढायच्या आत निकाल लागतो.

मेटा

त्या आठवड्यात बहुतेक लोक काय खेळत आहेत, त्याला मेटा म्हणतात. ढोबळ मानाने झटपट मारा करणारा ॲग्रो डेक पाने जुळवत बसणाऱ्या कॉम्बोला हरवतो, कॉम्बो संथ कंट्रोलला हरवतो, आणि जीव भरून काढणारा कंट्रोल ॲग्रोला दमवतो. त्यामुळे सर्वांत चांगला डेक असा प्रश्न विचारून उपयोग नाही. आज समोर कोण येणार आहे हे विचारावे लागते. समोर शस्त्रे घेऊन येणारे वाढले, तर ‘ॲसिडिक स्वॉम्प ऊझ’सारखे शस्त्र मोडणारे दोन मॅनाचे पान घालणे शहाणपणाचे ठरते. शस्त्र नसेल तेव्हाही ते दोन मॅनाचा बरा सैनिक म्हणून कामाला येते. अशा पानाची जोखीम कमी.

नावात ‘ट्रेडिंग’ असले तरी हार्थस्टोनमध्ये पानांची अदलाबदल होत नाही. नको असलेली पाने मोडून डस्ट मिळते आणि त्यातून हवी ती घडवता येतात. लेजेंडरी पान घडवायला १६०० डस्ट लागते, मोडल्यावर मात्र ४०० च हाती येते. म्हणजे एक घडवायला चार मोडावी लागतात. खिशाला चाट न लावता खेळणाऱ्या विद्यार्थ्याने आधी ४० डस्टच्या साध्या पानांचा स्वस्त डेक बांधावा आणि लेजेंडरीला हात घालण्याआधी त्या डेकवर निदान पन्नास डाव खेळावेत.

पन्नास का, यालाही उत्तर आहे. निम्मेच डाव जिंकणारा अगदी साधा डेकसुद्धा दहापैकी सात किंवा जास्त डाव जिंकेल याची शक्यता १७ टक्के असते. डोंबिवली ते ठाणे दोन-तीन विजय मिळाले म्हणून डेक सिद्ध होत नाही, आणि तेवढ्याच पराभवांनी तो टाकाऊही ठरत नाही. एका वेळी एकच पान बदलायचे, वहीत समोरचा डेक आणि निकाल लिहायचा, आणि मगच पुढचे पान. ही वही ठेवणारे थोडे असतात. पण पराभवाचे कारण पाने होती की आपण, हे त्यांनाच सांगता येते.

स्पर्धा

२०१८ च्या जकार्ता–पालेम्बांग आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक प्रकार म्हणून खेळवले गेले. त्यात भूजच्या तीर्थ मेहता याने हार्थस्टोनमध्ये भारतासाठी कांस्यपदक मिळवले. प्रात्यक्षिक असल्याने ते पदकतालिकेत धरले गेले नाही. २०२२ च्या अखेरीस ई-स्पोर्ट्स केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतानाच ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. मुलगा मोबाइलवर पत्ते खेळतो म्हणून धास्तावलेल्या पालकांना हा फरक समजावून सांगायला हवा.

हार्थस्टोनच्या कॉन्क्वेस्ट प्रकारच्या स्पर्धेत खेळाडू चार डेक आणतो. प्रतिस्पर्धी त्यांतला एक बाद करतो आणि उरलेल्या तिन्हींनी प्रत्येकी एक डाव जिंकावा लागतो. जिंकलेला डेक पुन्हा वापरता येत नाही. बाद होतो तो बहुतेकदा आपला सर्वांत तगडा डेक. त्यामुळे सराव त्याच्याशिवाय करावा लागतो, उरलेल्या तिघांतल्या सगळ्यात लंगड्या डेकला हाताशी धरून.